तुळशीरामचा पास

—नाही हो, हुद्दा नाही विचारला मी, पास विचारला. एम्प्लॉयमेंट पास ना, नोकरीचा परवाना? वाटलंच. रॅफल्स प्लेस, बँक, तीन आठवडे — म्हणजे तोच. कार्ड जपा बरं का ते. बसा ना, उभे का? बोट एवढ्यात सुटत नाही. उबीन बेटाच्या बोटीला वेळापत्रक नसतं, बारा माणसं झाली की सुटते. अकरा असली तरी तो म्हातारा बोटवाला जागचा हलत नाही, पेपर वाचत बसतो. आत्ता किती आहेत? ते सायकलवाले चौघे, ती आजी आणि तिचा मुलगा — सहा. तुम्ही सात, मी आठ. येतील हो अजून, रविवार आहे. आणि खरं सांगू, मघाशी तुम्ही फोनवर ‘आई, जेवतो गं मी वेळेवर’ म्हणालात ना, इतकं बरं वाटलं मला! म्हटलं चला, आपलं माणूस. नाहीतर सकाळपासून — म्हणजे मघापासून — मी त्या मांजराशी बोलत होतो. त्यालाही मराठी येत नाही.

मी देवस्थळी. हेमचंद्र देवस्थळी. इथे नुसते ‘हेम’ म्हणतात, बाकीचं कोणाला झेपत नाही. सिंगापुरात बावीस वर्षं झाली. बुकित बातोकला असतो — बायको निशिगंधा, मुलगी गार्गी, सतरा वर्षांची. मीही बँकेतलाच, पण कम्प्लायन्समध्ये. म्हणजे दुसऱ्याचं काय चुकलं ते शोधायचं, ईमेल लिहायची, खाली सही ठोकायची. हातखंडा आहे माझा त्यात. फिरायला? छे, मी कुठला फिरायला! एका माणसाला गाठायचंय. उद्या दुपारी त्याचं विमान आहे, आणि दर रविवारी तो सायकल घेऊन उबीनला जातो. आजचा शेवटचा रविवार. इटालियन आहे. तुल्लियो मारांगोनी. नाव घेताना जिभेची त्रेधा उडते, म्हणून आमच्या निशिगंधाने पहिल्याच दिवशी त्याचा तुळशीराम करून टाकला. तोंडावर! त्याला वाटलं, मराठीत आपलं नाव असंच होत असणार. मेसेजच्या खाली लिहायला लागला — टुलसीराम. हसलात ना? आम्हीही हसायचो. फार हसायचो.

एकसष्टचा आहे. सहा फूट चार इंच. डावा पाय टाकताना घोटा आत वळतो त्याचा — असा — दिसला? त्या एका घोट्यावर सगळं आयुष्य उडवलंय त्याने. उंच उडी. दोन मीटर सत्तावीस. नाही कळलं? उभे राहा जरा. हात वर करा. पूर्ण वर. आता त्या बोटांच्याही वर आणखी चार-सहा बोटं — तेवढी उंच काठी, आणि तिच्यावरून पाठीवर, आभाळाकडे बघत पलीकडे. करा खाली हात, ती आजी बघतेय. उत्तर इटलीत, पो नदीच्या काठचं गाव त्याचं, पोळपाटासारखं सपाट. तो म्हणायचा, आमच्याकडे चर्चचा मनोरा सोडला तर उंच काही नव्हतं, म्हणून मी वर जायला लागलो. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तेराव्या वर्षी अंगणात दोन खुर्च्या, त्यांवर झाडूचा दांडा आणि पलीकडे आईची कापसाची गादी. गादी फाटली, आईने त्याच झाडूने बदडला. सतराव्या वर्षी दोन मीटर पार. मग पोलिसांनी उचलला — नाही नाही, पकडला नाही, नोकरीत घेतला. आपल्याकडे रेल्वे खेळाडूंना घेते ना, तसंच. गणवेश वर्षातून दोनदा घालायचा आणि उरलेलं वर्ष उड्या मारायच्या. चौदा वेळा इटलीची जर्सी घातली त्याने. मी विचारायचो, कुठली कुठली शहरं बघितलीत? तर शहरं आठवायचीच नाहीत त्याला, गाद्या आठवायच्या. कुठली मऊ होती, कुठली पावसात भिजली होती, कुठल्या गादीला रबराचा वास यायचा. चौदा देश फिरला आणि डोक्यात काय राहिलं, तर गाद्या!

हे सगळं आमच्या डायनिंग टेबलावर ऐकलंय मी. महिन्यातून एक रविवार जेवायला असायचा. पुरणपोळी आवडायची, दुधात बुडवून खायची हेही शिकला. डबा देऊन पाठवायची निशिगंधा, आणि तिने बजावलेलं — आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं. पुढच्या वेळी डबा आला तो सायकलच्या बेलसकट! डब्यात सायकलची बेल! गार्गीसाठी. अजून वाजते ती. वाजवत नाही कोणी.

कोच होता तो तिचा. शाळेत. शाळेचं नाव नको. बायकोच्या नोकरीमागून सिंगापूरला आला, बायको चार वर्षांत कंटाळून परत गेली, हा राहिला, शाळेने ठेवून घेतला, स्वतःचा पास झाला. आणि आमची गार्गी — चौदाव्या वर्षी बास्केटबॉलमधून काढून टाकलेली पोरगी, घरी येऊन तोंड फिरवून बसायची — तिला त्याने दोन वर्षांत एक मीटर चौसष्टवर नेली. मीही जायचो शनिवारी मैदानावर. तिच्या धावेची सुरुवात कुठून, ती खूण मी लावायचो, पांढऱ्या चिकटपट्टीची. तुळशीराम म्हणायचा, बापाच्या पावलांनी मोजा, बापाची पावलं बदलत नाहीत. अकरा पावलं. माझी अकरा.

आता उंच उडीत एक भानगड असते, ती सांगतो, मग पुढचं कळेल. प्रत्येक उंचीला तीन संधी. तिन्ही पाडल्या की घरी. पण एखादी उडी नको असेल तर ती सोडून पुढच्या उंचीला जाता येतं. त्याला म्हणतात पास. लक्षात घ्या हं — पास म्हणजे उत्तीर्ण नव्हे! पास म्हणजे सोडली. पंचांच्या कागदावर उडी पार झाली तर गोल, पडली तर फुली, आणि पास असेल तर नुसती एक आडवी रेघ. आणि एकदा रेघ ओढली की ती उंची गेली. राहिलेल्या संधी घेऊन वरच्या काठीला सामोरं जायचं. कळलं? सोपं आहे. मला पाठ आहे सगळं.

तर तुळशीराम सव्वीस वर्षांचा असताना ऑलिंपिकसाठी निवड होती. दोन चोवीसला दोन फुल्या पडल्या. तिसरी मारायची तर हा चिडला, हात हलवून पास घेतला, म्हणाला एकच संधी उरलीय ना, मग सत्तावीसलाच मारतो. आयुष्यात एकदाच मारलेली उंची ती! पडला. दुसरा मुलगा चोवीसवर निवडला गेला. पत्रकार आले, तर ह्याचा म्हातारा कोच पुढे झाला आणि म्हणाला, पास घ्यायला मी सांगितलं, माझी चूक. संघटनेने म्हाताऱ्याला काढून टाकलं. आणि तुळशीराम गप्प बसला. सव्वीस वर्षांचा घोडा, गप्प! मग पाच वर्षं आणखी उडत राहिला, घोट्याची तीन ऑपरेशनं, दोन वीस, दोन पंधरा, दोन दहा — आणि एके दिवशी सरावाला दोन पाचची काठी लावली होती, तिच्याकडे बघितलं, खाली बसला, बूट काढले. संपलं करिअर. ना हार ना तुरे. म्हातारा तोपर्यंत गेलेला. एकदा त्याला विचारलं होतं म्हणे ह्याने, का केलंत असं? तर म्हातारा म्हणाला — कोच म्हणजे गादी. उडी कशीही गेली तरी पोरगा पडायचा गादीवरच. हे सांगताना तुळशीराम रडला होता हो आमच्याकडे. हातात पुरणपोळी, दुधात बुडवलेली, ती तशीच गळत होती. म्हणाला, हेम, त्या दिवशी मी एक वाक्य बोललो असतो ना, तर पुढची पाच वर्षं मी खरा उडलो असतो.

हे मला आधी सांगितलं होतं त्याने. आधी, म्हणजे त्या स्पर्धेच्या दोन महिने आधी. हे लक्षात ठेवा.

आमची स्पर्धा चार महिन्यांपूर्वी. एक सदुसष्ट पार केली की ज्युनिअर संघात निवड. दोनच मुली उरलेल्या, दुसरीने पार केली होती, गार्गीच्या दोन फुल्या. एक संधी शिल्लक. आणि ह्याने — तुळशीरामने — पास घेतला. म्हणजे तिच्या वतीने सांगितला पंचांना. चुकला. होतं माणसाकडून. काठी एक सत्तरवर गेली, गार्गी पळाली, उडाली, पाठ पार, कंबर पार आणि टाच लागली. नुसती टाच! तीन सेंटिमीटर खाली असती काठी तर — ही बघा, एवढीच, दोन बोटं. गेली निवड. पोरीने त्या दिवसापासून उडीचे बूट घातले नाहीत. चार महिने झाले, त्याच्याशी एक शब्द नाही. शाळेने त्याचा करार वाढवला नाही, करार नाही म्हणजे पास नाही, पास रद्द झाला की तीस दिवस मिळतात आवरायला, ते उद्या संपतात. म्हणून चाललोय. निरोप द्यायला. बस, एवढंच आहे.

...काय म्हणालात? कोचला तसा अधिकार असतो का? नाही. नसतो. पास खेळाडूनेच सांगायचा. बरोबर विचारलंत. तुम्ही ऑडिटला आहात का हो बँकेत? नाही? मग चांगलं डोकं आहे. पंच बाई व्हॉलंटिअर होती, सत्तरीची, भर दुपारी उन्हात बसवलेली, तिला वाटलं कोच म्हणतोय म्हणजे ठरलं असेल दोघांचं. आणि गार्गीला कळलंच नाही, ती डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेली. तुळशीरामचाच नियम — आकडा बघायचा नाही, काठी म्हणजे काठी. नाव पुकारलं, ती उठली, माझ्या अकरा पावलांवर जाऊन उभी राहिली. पडल्यावर गादीवरून उठून फळ्याकडे बघितलं, तर एक सत्तर. किंचाळली — हू पास्ड? हू पास्ड मी? पंच बाई म्हणाली, युअर कोच.

तुळशीराम तेव्हा तिथे नव्हता.

बर्फ आणायला गेला होता, शाळेतल्याच दुसऱ्या एका मुलीचा गुडघा सुजला होता म्हणून. मैदानाच्या पार पलीकडे.

मी होतो. कठड्याला टेकून, पंच बाईच्या अगदी मागे. लाल टीशर्ट. कोचलाही लाल, आम्हा मदतनीस पालकांनाही लाल, गळ्यात तशीच कार्डं. बाईने गार्गीला तिच्या छातीवरच्या नंबराने विचारलं होतं, फॉर्टी-वन, जंप ऑर पास? टॉवेलखाली तिला काय ऐकू येणार. मग बाई माझ्याकडे वळली, कोच, फॉर्टी-वन, पास?

आता मला सांगा. तुमचं शिक्षण मराठीतून ना? निकालाच्या दिवशी जिन्यात कोणी गाठून विचारलं, काय रे, पास? तर काय म्हणायचात? माझे वडील तर एकच शब्द बोलायचे माझ्याशी वर्षातून एकदा. पास? मी म्हणायचो, पास. संपला संवाद. त्या एका शब्दावर मोठा झालो मी. आणि इथे भर उन्हात, पोरीची शेवटची उडी, मनात अथर्वशीर्ष चाललेलं, आणि कोणी तरी तोच शब्द त्याच सुरात विचारतंय. मी काय म्हणणार? पास! पास! हंड्रेड पर्सेंट पास! दोन्ही हात वर करून ओरडलो. मला नियम पाठ होता हो! आत्ता तुम्हाला घडाघडा सांगितला की नाही? डोक्याला माहीत होता, जिभेला नव्हता. बाईने कागदावर आडवी रेघ ओढली. मी ती रेघ ओढताना पाहिली. मला वाटलं, शुभ लिहितेय काहीतरी.

काठी वर गेली तेव्हाही लक्षात आलं नाही? ... असं बघू नका हो. आलं. अर्ध्या मिनिटाने आलं. ती अकरा पावलांवर उभी होती तेव्हा आलं. तेव्हा ओरडता आलं असतं. एक हाक. गार्गी थांब. बँकेत लोकांना एका ईमेलने थांबवतो मी, कोटीकोटीचे व्यवहार थांबवतो. म्हटलं, मारेल सत्तरसुद्धा. कदाचित मारेल. मारली की कोणाला काही सांगायलाच नको.

तुळशीराम बर्फाची पिशवी घेऊन पळत आला. पंच बाईचं बोट आमच्या दोघांच्या मधोमध कुठेतरी. त्याने बाईकडे पाहिलं, कागदावरच्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती वेळ? एक श्वास असेल. आणि म्हणाला — येस, गार्गी, आय सेड पास. माय मिस्टेक. माझं तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं, तर त्याने खांद्यावर हात ठेवला माझ्या आणि दाबला. बर्फाने गार पडलेला हात. पोरीने त्याच्याकडे असं बघितलं की — मी बाप असून माझ्याकडे कोणी तसं बघितलं असतं तर मी जिवंत राहिलो नसतो. म्हणूनच ना गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी गेलो त्याच्या खोलीवर. म्हटलं, मी सांगतो तिला. तर चहा टाकला त्याने माझ्यासाठी, साखर जास्त, मला लागते तशी. म्हणाला, हेम, कोच तिला आणखी दहा मिळतील, बाप एकच आहे. मी उद्या निघून जाईन तिच्या आयुष्यातून, तू कुठे जाणार? मी गादी आहे. मला वाटलं, थोर माणूस. मला वाटलं, सुटलो. घरी येईपर्यंत वाटत होतं. मग लिफ्टमध्ये आठवलं ते — एक वाक्य बोललो असतो तर. अहो, त्याने वाचवलं नाही मला! तो स्वतः ज्या जागी जन्मभर बसला होता ना, तिथे उठून मला जागा करून दिली त्याने. प्रेमाने दिली. पण दिली.

...करार? हो, तक्रार झाली म्हणून गेला. पालकांकडून. म्हणजे एका पालकाकडून. निशिगंधा पेटली होती, म्हणाली, ज्याला घरचं माणूस मानलं त्याने पोरीचा गळा कापला, शाळेला कळवलंच पाहिजे. तिनेच लिहिली ईमेल. मला म्हणाली, तुझ्या नावाने जाऊ दे, तुझं इंग्रजी बरं आहे. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं. काय देणार? मी वाचली. तीन ठिकाणी व्याकरण चुकलं होतं. मी व्याकरण सुधारलं. ‘केअरलेस’च्या जागी ‘नेग्लिजंट’ घातलं, ते जास्त — ते आमच्या भाषेत जास्त भक्कम असतं. सही केली. हेमचंद्र व्ही. देवस्थळी. नऊ दिवसांत शाळेचं उत्तर आलं, योग्य ती दखल घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात आमचा डबा परत आला. दाराबाहेर ठेवून गेला होता. धुतलेला, लख्ख, आणि आत मूठभर साखर. रिकामा परत करत नाहीत ना आमच्यात! निशिगंधाने ती साखर सिंकमध्ये ओतली आणि नळ सोडला. मी बाजूला उभा होतो. विरघळायला फार वेळ लागत नाही साखरेला.

पाणी? नको. थँक्स. नाही, द्या. घोटभर द्या.

तर आज. आजचं सांगतो, मग मी असा का — त्याच्या मुली, सगळ्या जुन्या-नव्या, आज उबीनला जमल्यात त्याला निरोप द्यायला. गार्गी नव्हती जाणार. परवा मला विचारते, बाबा, शुड आय गो? चार महिन्यांनी पोरगी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या खांद्याला डोकं लावलं. मी काय म्हणालो असेन? म्हटलं, जा. माफ करून टाक. माणसाने मन मोठं करावं. हे माझं तोंड! ह्याच तोंडाने! आज सकाळी पोहे खाताना म्हणाली, ओके बाबा, आय विल टेल हिम आय फरगिव्ह हिम. आणि गेली. सातच्या सुमाराला. मी दार लावून घेतलं आणि मग लक्षात आलं — कळतंय का तुम्हाला? ती त्याला माफ करायला गेलीय! ज्याने काही केलं नाही त्याला, सगळ्यांसमोर, मोठं मन करून! आणि तो मान खाली घालून ते घेणार. त्याच्या म्हाताऱ्या कोचने नव्हतं का घेतलं! हे होता कामा नये. काही झालं तरी हे होता कामा नये, तिच्या आधी पोचायचं, दोघांना समोर उभं करायचं आणि म्हणायचं, मी. मी म्हणालो पास. टॅक्सी केली, टॅक्सीतच पाठ केलं, मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. दोन वाक्यं आहेत. आठला जेट्टीवर हजर.

...हो. आता साडेदहा झालेत. बरोबर. तुमचं घड्याळ बरोबर आहे.

दोन बोटी गेल्या. पहिलीला बारा झाले होते, मी म्हटलं त्या बाईच्या कडेवर मूल आहे, तिला जाऊ द्यावं. दुसरीला — दुसरीला काही नव्हतं. जागा होती. म्हाताऱ्याने हात करून बोलावलं, मी बुटाची लेस बांधत बसलो. सँडल आहेत माझ्या पायात. बघा. म्हणून तर तो असा बघतोय मघापासून माझ्याकडे. तुम्हाला वाटलं असेल ओळखीचा आहे. दोन फुल्या झाल्या माझ्या, ही तिसरी. पण तुम्ही भेटलात ते चांगलं झालं, तुमच्यासमोर एकदा तोंडातून निघालं ना, आता निघेल. तुम्ही चला माझ्याबरोबर. खरंच चला. नुसते शेजारी उभे राहा. आणि हे बघा, मंडळाच्या गणपतीला याल तुम्ही, तिथे प्रसादाच्या टेबलावर निशिगंधा असते, तिच्याशी काही — आधी मी सांगेन, मग तुम्ही खुशाल — काय बोलतोय मी! सांगायलाच तर चाललोय ना. मग लपवतोय काय?

थांबा. फोन वाजला. गार्गीच आहे.

‘बाबा, टोल्ड हिम ऑलरेडी. ही सेड थँक यू गार्गी. देन ही क्राइड. यू आर राइट, आय फील सो लाइट नाऊ.’

...

थँक यू म्हणाला.

खाली फोटो आहे. दोघांचा. हसतेय ती, बघा. चार महिन्यांत हे दात दिसले नव्हते. तिच्या गळ्यात हात आहे तो त्याचा. पायात काय आहे तिच्या? मोठा करा जरा, मला चष्मा — बूट आहेत का ते? स्पाइक्स आहेत, उडीचे खिळेवाले. घेऊन गेली होती. मला न सांगता पिशवीत घालून नेले तिने.

हो, हो, कळतंय मला. अजून वेळ आहे. विमान उद्या आहे. दहा मिनिटांची बोट. पण ती आता हलकी झालीय म्हणते, आणि मी जाऊन पुन्हा — आत्ताच? हसताना? उद्या सांगेन. तो गेल्यावर, शांतपणे, घरी... बघा! बघितलंत? लगेच सापडलं कारण. दोन सेकंदांत. हातखंडा आहे म्हटलं ना मी.

आला म्हातारा. येस अंकल, येस, वेट. बोटं मोजतोय बघा, आठ, नऊ, दहा. ‘यू गो ऑर नॉट?’ तिसऱ्यांदा विचारतोय बिचारा. तो तिघांचा घोळका आलाय, अकरावा तो उंच पोरगा, आणि ती कोण धावत येतेय टोपी धरून? एकटीच आहे. झाले की मग. माझ्याशिवाय बारा झाले.

नाही, माझा हात सोडा. तुम्ही जा. खरंच जा, पुढच्या बाजूला बसा, तिथे पाणी उडत नाही. तिकडे उतरल्यावर दिसेल तुम्हाला, सहा फूट चार इंच, डावा घोटा आत. काही सांगू नका त्याला. नका सांगू हो! मराठीत नाव विचारलंत तर तुळशीराम म्हणेल, तेवढं ऐका आणि पुढे जा. जा ना, सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी. अहो, जा म्हटलं ना!

नो, अंकल. नॉट मी. यू गो.

पास.